आयत्या वेळचा शब्द आयता नसतो



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला निमंत्रण दिले, तेव्हा आमची समजूत अशी झाली की बोनस, कंत्राटी पद्धत किंवा गिरणगावचा इतिहास असा काहीतरी विषय ते सुचवतील. त्यांनी सुचवले, "चित्रपटांवर बोला." आम्ही म्हटले, आमचा आणि चित्रपटांचा संबंध तिकिटाच्या खिडकीपुरता. त्यावर ते म्हणाले, "श्रोत्यांचाही तेवढाच आहे." ह्या उत्तरापुढे आम्ही हार मानली.

आमचा अधिकार काय, हे आधीच सांगितलेले बरे. 1982 साली 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो. वडील साचेखात्यात होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. आमची शाळा मात्र सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नायगाव-दादरच्या ग्रंथालयांत, दामोदर नाट्यगृहाच्या मागच्या रांगांत आणि लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये. तेव्हा आज जे सांगू ते पंडिताचे विवेचन नव्हे. प्रेक्षकाने जमवलेली शिदोरी आहे, इतकेच समजावे.

विषय असा : नट कधीकधी कागदावर नसलेले काहीतरी आयत्या वेळी करून जातो. एखादे वाक्य बोलतो, एखादी वस्तू उचलतो, आणि नेमके तेच लोकांच्या मनात राहते. बाकीचे चित्र विसरले जाते आणि तेवढा क्षण उरतो. हे घडते कसे? आणि तो क्षण नक्की कोणाचा?

मराठीत 'आयत्या वेळी' आणि 'आयता' हे शब्द इतके जवळचे आहेत की आयत्या वेळी सुचलेले ते आयतेच मिळाले असे आपण धरून चालतो. आम्हाला आज एवढेच दाखवायचे आहे, की आयत्या वेळचा शब्द आयता नसतो. त्याची कमाई आधी झालेली असते, आणि पुष्कळदा ती एकट्या नटाची नसते.

आरंभ आपल्याच वाटेवरून करू. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्र तयार झाले दादरला. तारामतीच्या कामाला कोणी स्त्री तयार होईना. शेवटी दादासाहेबांना ग्रँट रोडच्या एका खाणावळीत एक नाजूक अंगलटीचा तरुण काम करताना दिसला. ते अण्णा साळुंके. आपल्या चित्रपटाची पहिली नायिका ही अशी चुलीपुढून उठून आली. पुढे 1917 च्या 'लंकादहना'त त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. म्हणजे जुळवून घेणे, वेळ मारून नेणे, मिळेल त्यातून उभे करणे, हा आपल्या चित्रपटाचा जन्मापासूनचा धर्म आहे.

परंतु आयत्या वेळच्या शब्दाचे माहेर चित्रपट नव्हे. ते तमाशाचे बोर्ड होय. गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली, की वग सुरू होतो. जुन्या वगाला छापील संहिता नसे. कथा सर्वांना ठाऊक, प्रवेशांचा क्रम ठरलेला, आणि संवाद मात्र नटांनी उभ्या उभ्या जुळवायचे. दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न' ह्या वगातला सावळा कुंभार असा गाजवला. समोर बसलेल्या माणसाची टोपी, गावातली भानगड, मध्येच रडलेले पोर, काहीही त्यांना चालत असे. त्यांना 1973 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता असा सोंगाड्या 'सुचेल ते' बोलतो असे आपण म्हणतो. तसे ते नाही. जोडीदार कोणता शब्द टाकणार, ढोलकीवाला कुठे थाप देणार, लोक कोणत्या टोकाला हसतील आणि कोणत्या टोकाला बिथरतील, ह्याचे गणित वर्षानुवर्षे अंगात मुरलेले असते. आमचे वडील सांगत, की चार साचे चालवणाऱ्याला धोटा अडकणार हे अडकण्याआधी कानाला कळते. विचारले कसे, तर सांगता येत नाही. सोंगाड्याचेही तसेच आहे.

ह्याच परंपरेतला आपल्या गिरणगावचा माणूस म्हणजे दादा कोंडके. जन्म 1932 चा, नायगावचा, घर गिरणीकामगाराचे. 'अपना बाजार'मध्ये नोकरी, आणि सेवादलाच्या कलापथकात उमेदवारी. 1965 साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले आणि दादांचा हवालदार घरोघरी पोहोचला. प्रयोग दीड हजारांच्या वर गेले. लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला जात. कारण ते तेच नाटक नसे. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री हवालदाराच्या तोंडी आलेली असे. मंत्री, महागाई, रेशन, सगळ्यांची हजेरी लागे. सबनीसांनी नाटकाची घडण अशी केली होती की त्यात अशा शब्दाला जागा होती, हे त्यांचे मोठेपण. ती जागा रोज नव्याने भरली, हे दादांचे.

आशा भोसल्यांनी हे नाटक पाहून दादांचे नाव भालजी पेंढारकरांकडे काढले, आणि 1969 च्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. 1971 साली त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याची नोंद गिनीज बुकात झाली. भारतमातेत आम्ही हे चित्रपट पाहिले आणि पोट धरून हसलो. परंतु 'विच्छा' पाहिलेले आमचे वडील बाहेर पडताना म्हणाले, "छान आहे. पण हा आज काय झालं ते बोलला नाही." त्यांची तक्रार खरी होती. पडद्यावरच्या सोंगाड्याला आजचे वर्तमानपत्र वाचता येत नाही. एकदा मुद्रित झाला की तो त्या दिवसाशी बांधला गेला.

येथे नाटक आणि चित्रपट ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. नाटकात आज फसलेला शब्द उद्या सुधारता येतो. चित्रपटात तो एकदाच येतो आणि कायमचा राहतो. शिवाय त्याला पैसा पडे. हजार फुटांचे एक रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटे. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तीही परवान्यावर. नटाने मनाचे काही केले आणि ते फसले, की निर्मात्याच्या डोळ्यांपुढे फुटामागून फूट वाया जाई. तेव्हा नटाला जागा देणे ही केवळ रसिकता नव्हती. कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागे.

चार्ली चॅप्लिनचे उदाहरण पाहा. 1931 च्या 'सिटी लाइट्स'मध्ये आंधळी फुलवाली भटक्याला श्रीमंत समजते. आता मूकपटात आंधळीचा हा गैरसमज दाखवायचा कसा? चॅप्लिनला सुचेना. तो पुन्हा पुन्हा तोच प्रवेश चित्रित करीत राहिला. तीनशेहून अधिक वेळा, असे सांगतात. शेवटी सापडले ते असे : भटक्या उभ्या मोटारीतून आरपार जाऊन उतरतो, दार धाडकन लागते, आणि ते ऐकून मुलीला वाटते हा गाडीवाला. ज्या चित्रात संवाद ऐकूच येत नाहीत त्यात एका आवाजाने सगळी कथा उभी राहिली! पाहणाऱ्याला वाटते, किती सहज! त्या सहजतेमागे शेकडो फसलेले प्रयत्न आहेत. आणि एक गोष्ट आम्ही संघटनेची माणसे विसरत नाही : स्टुडिओ चॅप्लिनच्या मालकीचा होता. चुकण्याचा हक्क त्याने विकत घेतलेला होता. पगारी नटाला तो कोण देतो?

कधीकधी तो दिग्दर्शक देतो, आणि तोही फक्त गप्प राहून. 1954 साली एलिया कझानचा 'ऑन द वॉटरफ्रंट' आला. हा चित्रपट गोदीकामगारांचा आणि त्यांच्या मानगुटीवर बसलेल्या गुंड पुढाऱ्यांचा. मार्लन ब्रँडो हा गोदीतला पोरगा. त्याच्याबरोबर बागेतून चाललेली मुलगी, इव्हा मेरी सेंट. तालमीत तिच्या हातातला मोजा खाली पडला. ब्रँडोने तो उचलला, परत मात्र दिला नाही. झोपाळ्यावर बसून बोलता बोलता त्याने तो तिचा छोटासा पांढरा मोजा आपल्या राकट हातावर चढवला. ह्या मुलाला तिचा हात धरायचा आहे आणि धाडस नाही, हे कोणत्याही संवादावाचून कळले. कझानने ते चित्रात ठेवले.

श्रोतेहो, ह्या चित्राशी आमचे भांडण आहे. कझानने 1952 साली अमेरिकन चौकशी समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती, आणि दोन वर्षांनी 'नावे सांगणारा तो शूर' अशा अर्थाचे चित्र काढले. आमच्यासारख्याला ते गिळणे जड जाते. तरीही मोजा आम्ही विसरू शकत नाही. आणि त्याचे श्रेय एकट्या ब्रँडोला देणेही बरोबर नव्हे. मोजा पडल्यावर इव्हा मेरी सेंट थांबली नाही, ओशाळली नाही. भूमिका न सोडता ती तो परत मागत राहिली. तिने "माफ करा, चुकले" म्हटले असते तर तो क्षण तेथेच मेला असता.

आता दुसरा गोदीकामगार आपला, मुंबईचा. 1975 साली यश चोप्रांचा 'दीवार' आला. लेखन सलीम-जावेद यांचे. आम्ही तो पाहिला काही वर्षांनी, गणेशोत्सवात, लालबागच्या एका गल्लीत, आडव्या बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पोरे पडद्याच्या मागे बसलो. मागून चित्र उलटे दिसते. अमिताभ बच्चन डावखुरे आहेत हे आम्हाला फार पुढे कळले. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पोरांना ते उजवेच वाटत होते!

ह्या चित्रातला बाप कामगारांचा पुढारी आहे. बायकापोरांच्या जिवावर बेतते तेव्हा तो मालकाच्या कागदावर सही करतो आणि मग तोंड लपवून परागंदा होतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे चित्र सहज पाहता येत नाही. त्याचा मोठा मुलगा पुढे गोदीत हमाल होतो. निळा शर्ट, खांद्यावर दोर, दंडावर बिल्ला, आणि शर्टाची पोटाशी मारलेली गाठ. त्या गाठीने देश वेडा केला. आमच्या चाळीत त्या वर्षी धड राहिलेला शर्ट नव्हता. सगळ्यांच्या पोटाशी गाठी.

ती गाठ कोठून आली, हे बच्चन यांनीच 2021 साली सांगितले. चित्रीकरणाचा पहिला दिवस. कॅमेरा सज्ज. शर्ट अंगात घातला तो गुडघ्यापर्यंत लांब! शिंप्याचे माप चुकले होते. दुसरा शिवायला वेळ नव्हता. तेव्हा खालची टोके उचलली आणि गाठ मारली. एवढीच कथा. परंतु विचार करा, गोदीतला माणूस सैल कपडा असाच आवरून घेतो. म्हणून ती गाठ खोटी वाटली नाही. त्या शिंप्याचे नाव कोणी विचारले नाही. त्याची चूक नटाची ऐट झाली, हे मात्र खरे.

शेवटचे उदाहरण परदेशचे, आणि आमच्या सर्वांत आवडीचे. त्याच 1975 सालचा 'जॉज'. नरभक्षक शार्क माशाची गोष्ट. रॉय शायडर हा पोलीस अधिकारी बोटीच्या मागून माशांना आमिष टाकीत असतो. पाण्यातून तो प्रचंड जबडा वर येतो. शायडर पाय न वळवता मागे सरकत केबिनमध्ये येतो आणि बोटीच्या मालकाला सांगतो, की तुम्हाला ह्याहून मोठी बोट लागणार आहे. हे वाक्य संहितेत नव्हते. जगभर ते म्हणीसारखे झाले.

परंतु ते शायडरच्या डोक्यातून आले काय? नाही. पटकथा लिहिणाऱ्या कार्ल गॉटलीब यांनी सांगितले आहे, की समुद्रावरच्या त्या चित्रीकरणात सामानसुमान वाहणाऱ्या तराफ्याच्या दिमतीला दिलेली बोट फारच लहान होती. निर्माते हात आखडून खर्च करीत. तेव्हा तंत्रज्ञ आणि कामगार त्यांना सारखे हेच ऐकवीत, की मोठी बोट लागेल. पुढे पुढे काहीही बिघडले, जेवण उशिरा आले तरी, तेच वाक्य म्हणायची रीत पडली. शायडरने ते दृश्यांत अधूनमधून टाकून पाहिले आणि एका जागी ते चपखल बसले.

श्रोतेहो, म्हणजे हे वाक्य मुळात कामगारांची मागणी होते! त्यांना मोठी बोट मिळाली की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वाक्य मात्र अजरामर झाले.

आता ही सारी उदाहरणे एका ओळीत मांडा. हवालदाराचा शब्द त्या दिवसाच्या बातमीतून आणि समोरच्या प्रेक्षकांतून आला. मोजा सोबतिणीच्या हातून पडला. गाठ शिंप्याच्या चुकीने बसली. बोटीचे वाक्य कामगारांच्या कुरकुरीतून आले. नटाचे कर्तृत्व कमी आहे असे आम्ही म्हणत नाही. पडलेले उचलायला तयारीचा हात लागतो. परंतु आयत्या वेळचा शब्द बहुधा आसपास कोठेतरी पडलेलाच असतो. तो उचलणारा एक लागतो, आणि मध्येच 'कट' न ओरडणारा दुसरा लागतो.

आणि येथे आम्हाला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगितल्यावाचून ह्या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी, जेथे पूर्वी गिरणी होती अशा परळच्या एका उंच इमारतीत आम्ही सफाई कामगारांची संघटना बांधीत होतो. सगळे कंत्राटी, निम्म्याहून अधिक बायका. फाटकावर सभा होती. वक्त्यांची यादी आम्हीच केलेली, वेळ मोजून दिलेला, पोलिसांची परवानगी सातपर्यंतची. आमचे भाषण रंगात आले असताना मागून एक बाई उठल्या आणि पुढे येऊ लागल्या. काहीतरी बोलायचे होते. आम्ही हात वर करून म्हटले, "ताई, खाली बसा. यादी ठरलेली आहे. तुमचं नंतर बघू." त्या बसल्या. टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या, सभा वेळेवर संपली. आम्ही स्वतःवर खूश.

पुढे करार झाला. अकरा मागण्यांपैकी आठ मान्य. पेढे वाटले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्या बाईंच्या जोडीदारणीने आम्हाला गाठले. म्हणाली, "साहेब, तिला तेव्हा सांगायचं होतं. रात्रपाळीला दहानंतर बायकांच्या संडासाला कुलूप लावतात. आम्ही संध्याकाळपासून पाणी पीत नाही." आमच्या अकरा मागण्यांत ही नव्हती. अकराच्या अकरा मागण्या पुरुषांनी टेबलाशी बसून लिहिल्या होत्या, आणि लिहिणाऱ्यांत आम्ही होतो. विचारले, त्या बाई आता कोठे? उत्तर मिळाले, "तिनं काम सोडलं. मूतखड्याचं दुखणं धरलं."

ते कुलूप निघायला आणखी चौदा महिने लागले. कारण नुकताच करार झाला होता, आणि नव्या मागणीला व्यवस्थापन दार उघडीना. त्या बाईंना आम्ही शोधले. सापडल्या नाहीत.

तेव्हापासून 'ऑन द वॉटरफ्रंट'चा तो प्रवेश पाहिला की आम्हाला कझानचा राग येतो आणि आमची लाजही वाटते. ज्या माणसाला आम्ही फितूर म्हणतो, त्याला मोजा पडल्यावर गप्प राहणे जमले. आम्ही, कामगारांचा आवाज म्हणवणारे, 'कट' म्हणालो.

आता आमच्या सभेची शेवटची पंधरा मिनिटे यादीवाचून असतात. पुष्कळदा त्यांत काही घडत नाही. कोणी लांबण लावतो, कोणी जुने भांडण उकरतो, कोणी नुसताच माइक हातात घेऊन लाजतो. आमचे तरुण सहकारी वैतागतात आणि म्हणतात, वेळ वाया जातो. जातोच. चॅप्लिनची फिल्म वाया गेली तसाच जातो. आता तर कॅमेऱ्याला फिल्मही लागत नाही, तासन् तास चित्रण करा. तरी चांगला क्षण काही त्या मानाने स्वस्त झालेला दिसत नाही. महाग आहे ते ऐकणाऱ्याचे थांबणे, आणि ते पूर्वीइतकेच महाग आहे.

येथे बसलेल्यांत कोणी शिक्षक असतील, कोणी कचेरीतले अधिकारी, कोणी घरातले वडीलधारे. प्रत्येकाच्या हाती कसली ना कसली यादी असते. पुढच्या वेळी चित्रपटात नटाचा एखादा न ठरलेला क्षण पाहून आपण वाहवा म्हणाल, तेव्हा त्याच्याबरोबर दोघांची आठवण ठेवा. एक, ज्याच्याकडून तो शब्द आला तो शिंपी, तो बोटीवरचा कामगार. आणि दुसरा, ज्याला तोंड उघडून 'पुरे' म्हणता आले असते आणि जो म्हणाला नाही.

चिटणिसांनी घंटेवर हात ठेवलेला आम्हाला दिसतो आहे. त्यांची यादी ठरलेली आहे, तेव्हा आम्ही थांबतो. परंतु घंटा वाजवण्यापूर्वी त्यांनी मागच्या रांगेत एकवार पाहावे. कोणी उठले असेल, तर त्यांना पुढे येऊ द्यावे.